गवत, टर्फ आणि स्मरण : भारतीय हॉकी-चाहत्यांच्या एका जुन्या वादाची चिकित्सा

भारतीय हॉकीविषयी दोन पिढ्यांचे चाहते एकत्र आले की चर्चा फार काळ सामन्यावर राहत नाही. ती लवकरच खेळाच्या स्वरूपावर येते. पूर्वीची हॉकी मनगटाची होती, आजची पायांची आणि फुप्फुसांची आहे. पूर्वी चेंडू काठीला चिकटलेला असे, आज तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नुसता भिरकावला जातो. आणि हा बदल आपोआप झालेला नसून युरोपीय देशांनी आपल्या सोयीसाठी घडवून आणला, अशी या चर्चेची साधारण मांडणी असते. दुसरी बाजू म्हणते की खेळ बदलणारच, जो बदलत नाही तो मागे पडतो. वर्तमानपत्रांतील क्रीडापृष्ठे, माजी खेळाडूंची भाषणे आणि मैदानाच्या कठड्यावरील गप्पा या तिन्ही ठिकाणी हा वाद गेली जवळजवळ पन्नास वर्षे त्याच शब्दांत चालू आहे. एखाद्या वादातील शब्द इतका दीर्घकाळ बदलत नसतील, तर त्या वादाकडे केवळ क्रीडाविषयक मतभेद म्हणून पाहणे अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात या वादातील युक्तिवादांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम वादाचा मध्यबिंदू पाहू. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली. अवघ्या वर्षभरापूर्वी, 1975 मध्ये, क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ माँट्रियलमध्ये सातव्या क्रमांकावर राहिला. या दोन घटनांमधील अंतर इतके कमी आणि उतार इतका तीव्र आहे की त्यांच्यात कार्यकारणसंबंध पाहण्याचा मोह टाळणे कठीण जाते. ‘गवत गेले आणि हॉकी गेली’ हे चाहत्यांच्या चर्चेतील सूत्र येथूनच जन्माला आले.

या सूत्रात तथ्य नाही असे मुळीच नाही. गवताच्या मैदानावर चेंडूची उसळी अनिश्चित असते, त्याचा वेग ओसरत जातो, आणि लांबून आलेला चेंडू अडवून ताब्यात घेणे हेच एक कौशल्य ठरते. त्यामुळे चेंडू काठीजवळ ठेवून, लहान लहान वळणे घेत, प्रतिस्पर्ध्याला चकवत पुढे जाणे हे केवळ देखणे नव्हते. त्या पृष्ठभागावर ते व्यवहार्यही होते. कृत्रिम पृष्ठभागावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. चाळीस-पन्नास यार्डांचा फटका अचूकपणे सहकाऱ्याच्या काठीवर जाऊ शकतो. साहजिकच जागा निर्माण करणे, सतत धावणे, कंबरेत वाकून आडव्या काठीने चेंडू अडवणे यांचे मोल वाढले. ज्या कौशल्यावर भारत-पाकिस्तानच्या खेळाडूंची मक्तेदारी होती, त्याचे सापेक्ष मूल्य घटले हे मान्य करावेच लागते. भारतात अशा मैदानांची संख्या दीर्घकाळ नगण्य होती, हेही खरे. शालेय वयात मातीवर खेळलेला मुलगा राष्ट्रीय शिबिरात आल्यावर प्रथम टर्फवर उतरत असेल, तर त्याच्या सवयी मोडण्यातच वर्षे जाणार.

मात्र या सूत्राने सगळ्याच गोष्टींचे स्पष्टीकरण दिले जाते, तेव्हा इतिहास त्याला साथ देत नाही. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारत अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून 0-1 असा पराभूत झाला, तो गवतावर. 1968 आणि 1972 मध्ये भारताला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले, तेही गवतावरच. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पश्चिम जर्मनीने पाकिस्तानला नमवून सुवर्णपदक घेतले. 1973 मध्ये ॲम्स्टलव्हीनच्या विश्वचषकात नेदरलँड्सने अंतिम सामन्यात भारताला पेनल्टी स्ट्रोकवर हरवले. म्हणजे युरोपीय संघांनी उपखंडाला गाठले ते त्यांच्या हाती कृत्रिम पृष्ठभाग येण्यापूर्वी. माँट्रियलने एका चालू प्रक्रियेला वेग दिला. ती प्रक्रिया तेथे सुरू झाली नाही.

याहून अधिक अडचणीचा प्रश्न पाकिस्तानचा आहे. परंपरा तीच, गवत तेच, मनगटी शैलीही तीच. तरीही पाकिस्तानने 1984 मध्ये लॉस एंजेलिसला कृत्रिम पृष्ठभागावर ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले आणि 1994 मध्ये सिडनीला विश्वचषक जिंकला. शाहबाज अहमद यांना 1990 आणि 1994 या दोन्ही विश्वचषकांत स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरविण्यात आले, आणि त्यांचा खेळ म्हणजे धावत्या वेगातील ड्रिबलिंगच होते. आपल्याकडे बनारसच्या मोहम्मद शाहिद यांनीही आपली कला टर्फवरच दाखवली. टर्फने ड्रिबलिंग मारले असते तर हे दोघे कोठून आले? 1986 च्या लंडन विश्वचषकात मात्र बारा संघांत पाकिस्तान अकरावा आणि भारत बारावा होता. दोन वर्षांपूर्वीचा ऑलिम्पिक विजेता अकराव्या स्थानी जातो आणि आठ वर्षांनी पुन्हा जगज्जेता होतो, तेव्हा पृष्ठभाग हे एकच कारण पुरे पडत नाही हे उघड आहे. चाहत्यांच्या चर्चेत पाकिस्तानचा हा दाखला क्वचितच येतो. तो आला तर युक्तिवाद कोसळेल याची जाणीव त्यामागे असावी.

सुवर्णयुगाच्या स्मरणाचीही अशीच तपासणी करावी लागते. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताने 29 गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. 1932 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध 24-1 असा विजय मिळवला. हे आकडे प्रत्येक हॉकीप्रेमीला पाठ असतात. मात्र 1932 च्या स्पर्धेत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ होते, ही गोष्ट त्याच आवाजात सांगितली जात नाही. ग्रेट ब्रिटनचा संघ 1920 नंतर थेट 1948 मध्येच ऑलिम्पिक हॉकीत उतरला. यामुळे ध्यानचंद यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. 1948 मध्ये लंडनला ब्रिटनलाच 4-0 असे हरवून भारताने, ध्यानचंद यांच्या निवृत्तीनंतरही, आपली सत्ता सिद्ध केली होती. प्रश्न पुराव्याचा आहे. ज्या खेळाचे चलच्चित्रण अत्यल्प आहे, त्याविषयीचे आपले ज्ञान वृत्तान्त, आकाशवाणीवरील समालोचन आणि आख्यायिका यांतून घडलेले असते. ध्यानचंद यांच्या काठीत लोहचुंबक आहे की काय, या संशयाची कथा त्याच जातीची. आख्यायिका खेळाडूचा प्रभाव सांगते, खेळाचे तंत्र सांगत नाही. तिच्या आधारे ‘तेव्हाची हॉकी’ आणि ‘आताची हॉकी’ यांची तुलना करणारा चाहता प्रत्यक्षात एका बाजूला कथा आणि दुसऱ्या बाजूला दूरचित्रवाणीवर चार कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवलेला सामना ठेवत असतो. ही तुलना बरोबरीची होत नाही.

पेनल्टी कॉर्नरविषयीची तक्रार या दृष्टीने विशेष बोलकी आहे. आजची हॉकी म्हणजे पेनल्टी कॉर्नर मिळवणे आणि ड्रॅग-फ्लिक मारणे एवढेच उरले, असे म्हटले जाते. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कर्णधार हरमनप्रीत सिंग यांनी 10 गोल केले. स्पेनविरुद्धच्या कांस्यपदकाच्या लढतीतील 2-1 या विजयात भारताचे दोन्ही गोल त्यांनी पेनल्टी कॉर्नरवर नोंदवले. तक्रारीला आधार आहे, तो असा. पण ज्या 1975 च्या विश्वचषकाला गवती हॉकीचा शेवटचा सुवर्णक्षण मानले जाते, त्याकडे वळून पाहावे. उपान्त्य सामन्यात मलेशियाविरुद्ध पराभवाच्या छायेत असताना अस्लम शेर खान यांनी बरोबरी साधली ती पेनल्टी कॉर्नरवर. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध सुरजित सिंग यांनी बरोबरी साधली तीही पेनल्टी कॉर्नरवर. अशोक कुमार यांचा निर्णायक मैदानी गोल सर्वांना आठवतो, आधीचे दोन विसरले जातात. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमधील अंतिम सामन्याचा एकमेव गोल, मोहिंदर लाल यांचा, पेनल्टी स्ट्रोकवरचा होता. आणि ड्रॅग-फ्लिक हे युरोपीय अस्त्र म्हणावे, तर त्याच्या सर्वांत भेदक प्रयोगकर्त्यांपैकी एक, 348 आंतरराष्ट्रीय गोल करणारे सोहेल अब्बास, पाकिस्तानचेच होते. स्मरण हे निवड करते हे आपण साहित्येतिहासाच्या संदर्भात सहज मान्य करतो. क्रीडेतिहासात मात्र ते साक्षीदार म्हणून बिनदिक्कत उभे केले जाते.

नियमबदलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ऑफसाइडचा नियम 1996 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आणि 1998 मध्ये कायमचा रद्द झाला. 2009 मध्ये फ्री हिट घेणाऱ्याने स्वतःच चेंडू पुढे नेण्याची मुभा मिळाली. 35 मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी 15 मिनिटांची चार सत्रे आली. खेळाडू कितीही वेळा बदलता येऊ लागले. यांतील बहुतेक बदल खेळ वेगवान व्हावा आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला तो समजावा या हेतूने झाले. तुतीच्या लाकडाच्या काठीची जागा कार्बन तंतूंच्या काठीने घेतली आणि फटक्याचा जोर वाढला. येथे चाहत्यांचा आक्षेप मला अधिक ग्राह्य वाटतो, कारण तो निकालाविषयी नसून खेळाच्या लयीविषयी आहे. अमर्याद बदलांमुळे सत्तर मिनिटे मैदानावर राहून सामन्याची नाडी ओळखणारा खेळाडू मागे पडला. आज आघाडीचा खेळाडू काही मिनिटे झोकून देऊन धावतो आणि बाकावर येतो. हे नुकसान आहे. परंतु गंमत अशी की स्वतःची ड्रॅग-फ्लिकबद्दलची नाराजी भारतीय हॉकीने नियमातच उतरवून पाहिली आहे: 2016 च्या हॉकी इंडिया लीगमध्ये मैदानी गोलाला दोन गोलांचे मूल्य दिले गेले होते. जुन्या शैलीच्या प्रेमाला व्यावसायिक लीगने दिलेला हा बहुधा सर्वांत थेट प्रतिसाद होता. तो टिकला नाही, आणि चाहत्यांच्या चर्चेतही त्याची फारशी आठवण राहिलेली नाही.

व्यावसायिकतेचा मुद्दा येथे येतोच. 2005 मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये ‘मराठा वॉरिअर्स’ नावाचा संघ होता. 2013 ते 2017 या काळात हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबईचा संघ होता. ती लीग नंतर बंद पडून 2024 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. ज्या मुंबईत आगाखान चषक आणि गोल्ड कप यांसारख्या स्पर्धा दशकानुदशके रंगल्या, त्या शहरातील प्रेक्षकाला या लीगमधील संघ आपले वाटले का, हा प्रश्न टर्फच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे. जुन्या स्पर्धांत रेल्वे, टाटा, कस्टम्स असे संघ असत. त्यांत नोकरी होती, वस्ती होती, ओळख होती. खेळाडू आणि प्रेक्षक एकाच लोकलने घरी जात. चाहते ‘कला गेली’ असे म्हणतात तेव्हा त्यांना पुष्कळदा हे नाते गेले असे म्हणायचे असते, पण त्यासाठी त्यांच्याजवळ शब्द ड्रिबलिंगचेच असतात.

आणि वादातील खरी उणीव येथेच आहे. पृष्ठभागाची चर्चा शैलीच्या अंगाने होते. ती प्रवेशाच्या अंगाने व्हायला हवी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या धनराज पिल्ले यांनी तुटक्या काठ्या दुरुस्त करून खेळायला सुरुवात केली. चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या या खेळाडूला प्रारंभी लागले ते एक मोकळे मैदान, एवढेच. आज आंतरराष्ट्रीय दर्जाचे टर्फ म्हणजे कोट्यवधींचा खर्च, ठरावीक वर्षांनी नवा पृष्ठभाग आणि सामन्यापूर्वी शिंपडायला मुबलक पाणी. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या तालुक्यातील महाविद्यालयाने असे मैदान सांभाळावे ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. परिणामी खेळ प्रबोधिनी, वसतिगृहे आणि मोजक्या केंद्रांत एकवटला. ओडिशातील सुंदरगडसारख्या आदिवासी जिल्ह्यात खेळ जिवंत राहिला, कारण तेथे आधी गावोगावी हॉकी होती आणि नंतर शासनाने पैसा घातला. महाराष्ट्रात दुसरी गोष्ट अंशतः झाली, पहिली मात्र विरत गेली. आपल्या महाविद्यालयांच्या आंतरविभागीय स्पर्धांत किती संघ उतरतात हे क्रीडासंचालकांना विचारावे.

गवताचा शोक करणाऱ्या चर्चेत स्त्रिया जवळपास नसतात, हेही नोंदवले पाहिजे. महिला हॉकीचा ऑलिम्पिकमध्ये समावेश झाला तो 1980 च्या मॉस्को स्पर्धेत, आणि तेथील पृष्ठभाग कृत्रिमच होता. त्या वर्षी पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया यांच्या बहिष्कारानंतर भारतीय पुरुषांनी सुवर्ण जिंकले, त्याची आठवण होते. भारतीय महिला चौथ्या आल्या, त्याची होत नाही. त्यांना पुढचे ऑलिम्पिक खेळायला 2016 साल उजाडले, आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये राणी रामपाल यांच्या नेतृत्वाखाली त्या पुन्हा चौथ्या आल्या. त्यांचा ऑलिम्पिक इतिहास टर्फवरच सुरू होतो. त्यांना हरवलेले गवत नाही, म्हणून ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशी विभागणी करणाऱ्या चाहत्याला त्यांच्यासाठी जागा सापडत नाही. पुरुषांच्या टोकियोतील कांस्यपदकाचे, जर्मनीविरुद्धच्या 5-4 या विजयाचे, वर्णन ‘पुनरागमन’ असे झाले. महिलांच्या त्याच आठवड्यातील खेळासाठी तो शब्द वापरणे शक्यच नव्हते.

दरम्यान पॅरिसमध्ये वापरलेला पृष्ठभाग पूर्वीपेक्षा कितीतरी कमी पाण्यावर चालणारा होता, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाची वाटचाल पाण्याविना वापरता येणाऱ्या पृष्ठभागाकडे आहे. असे मैदान स्वस्त झाले तर ते तालुक्याच्या गावापर्यंत येऊ शकेल. कोरड्या पृष्ठभागावर चेंडू अधिक घासत जातो, त्याचा वेग कमी होतो, अशी कुरबुर खेळाडूंतून ऐकू येऊ लागली आहे. ओल्या टर्फवर वाढलेली पिढी त्यासंबंधी जी तक्रार करील, तिचे शब्द बहुधा आपल्या परिचयाचे असतील.