आधाराची दोरी

लाइफ ड्रॉइंगविषयी मराठीत जी चर्चा होते, तिचा मोठा भाग वस्त्राभोवती फिरतो. मॉडेल नग्न असावी की नसावी, ते चित्र कला की अश्लील, हा वाद आपण हिरिरीने घालतो. त्या वादात मॉडेलचे प्रत्यक्ष काम नजरेआड होते. हे काम म्हणजे स्थिर राहणे, आणि स्थिर राहणे हे अंगमेहनतीचे काम आहे. या चित्रप्रकाराचा विचार तिथून सुरू व्हायला हवा, असे मला वाटते.

या मेहनतीचा एक जुना पुरावा जोहान झोफनी यांच्या चित्रात सापडतो. लंडनची रॉयल अकादमी 1768 साली स्थापन झाली आणि 1771-72 मध्ये झोफनींनी तिच्या सभासदांचे समूहचित्र रंगवले. जागा लाइफ क्लासची आहे. दिव्याखाली सभासद जमले आहेत आणि जॉर्ज मोझर नग्न पुरुष मॉडेलची पोझ जमवत आहेत. मॉडेलचा उंचावलेला हात वरून सोडलेल्या दोरीच्या फासात आहे. संस्थापक सभासदांपैकी अँजेलिका कॉफमन आणि मोझर यांची कन्या मेरी या दोघी मात्र खोलीत नाहीत. नग्न मॉडेलसमोर स्त्रीने बसणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून त्यांची फक्त व्यक्तिचित्रे भिंतीवर दिसतात. बाप खोलीत, मुलगी भिंतीवर! अभ्यासकांनी या अन्यायाची दखल घेतली, ती योग्यच. मला ती दोरीही तितकीच बोलकी वाटते. उचललेला हात फार वेळ तसाच राहत नाही, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होते. तरी चित्राच्या शीर्षकात आहेत ते फक्त सभासद.

मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग 1919 मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी सुरू केला. तेव्हापासून आपल्याकडचा वाद शीलाचा राहिला. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ चित्रपटाने मॉडेल स्त्रीला मध्यभागी आणले, हे त्याचे मोठे श्रेय. तो 2017 मध्ये गोव्याच्या इफ्फीतून वगळला गेला, तेव्हा चर्चा पुन्हा नग्नतेवर येऊन थांबली. चित्रपटातला ताणही मुख्यतः गुपिताचा आहे: मुलाला शिकवण्यासाठी आईने पत्करलेले काम त्याला कळेल का? दुखणारी मान, बधिर झालेला पाय यांना त्या ताणात दुय्यम जागा मिळते.

मी कोणत्याही कलाशाळेत शिकलेले नाही. हौस म्हणून खुल्या रेखाटन-सत्रांना जाते. तिथे मॉडेल बहुधा कपड्यांत असते. सुरुवातीला एक-दोन मिनिटांच्या पोझ होतात, मग पाच मिनिटांच्या, शेवटी वीस मिनिटांची. वीस मिनिटांच्या उभ्या पोझमध्ये भार एका पायावर असतो. त्या बाजूचे कंबरेचे हाड वर येते, त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. दहा-बारा मिनिटांनी गुडघा सैल पडतो, कंबर सरकते आणि आधी काढलेली रेघ समोरच्या शरीराशी जुळेनाशी होते. कुणीतरी कुजबुजते, “हलली.” खरे तर ती थकलेली असते. त्या क्षणी खोडरबर न उचलता शेजारी दुसरी रेघ काढावी. त्या दोन रेघांमधल्या अंतरात मॉडेलची मेहनत कागदावर उतरते, आणि सफाईदार चित्रात नेमकी तीच पुसली जाते.

अशा सत्रांनी दार सर्वांसाठी उघडले, पन्नाशीतल्या हौशी बाईलाही खुर्ची दिली, हे मोठेच काम झाले. पण सत्राच्या शेवटी कागद जमिनीवर मांडले जातात, कौतुक होते, फोटो निघतात. प्रत्येक कागदावर काढणाऱ्याची सही असते, मॉडेलचा उल्लेख नसतो. यावर उत्तर दिले जाते की मॉडेलनाच नाव नको असते. पुष्कळदा ते खरे आहे, आणि ते का, हे ‘न्यूड’ पाहिलेल्याला सांगायला नको. तिची इच्छा असेल तर नाव झाकलेलेच राहावे. पण तिला विचारावे तरी. पोझ किती मिनिटांची होती हे कागदाच्या कोपऱ्यात लिहायला तर कुणाचीच हरकत नसावी.

कलाशाळेत मॉडेलचे मानधन आणि विश्रांती ही संस्थेची जबाबदारी म्हणून विद्यार्थी मोकळा होऊ शकतो. खुल्या सत्रात आमच्या प्रवेश-शुल्कातूनच तिचे पैसे निघतात, म्हणजे तिला काम देणारे आम्हीच. चारकोल आणि कागद महाग झाल्याची तक्रार आम्ही करतो, पण पोझचा दर किती असावा याची चर्चा होत नाही. ती व्हायला हवी. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत निदान हाताला आधार म्हणून एक दोरी तरी बांधलेली होती.