शालेय शिक्षणाचा इतिहास आणि टप्प्यांची गणना

शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन बहुधा टप्प्यांच्या गणनेने सुरू होते. अमेरिकेच्या बाबतीत हा क्रम आता रूढ झाला आहे : मॅसॅच्युसेट्सचा १६४७ चा कायदा, १८३७ मध्ये होरेस मान यांची शिक्षणमंडळाच्या सचिवपदी नेमणूक, १८५२ चा सक्तीच्या उपस्थितीचा कायदा आणि १९१८ मध्ये मिसिसिपीने त्याचा केलेला स्वीकार. एलवुड कबर्ली यांच्या १९१९ च्या ग्रंथाने या पद्धतीस प्रतिष्ठा दिली. पुढे १९६० मध्ये बर्नार्ड बेलिन व १९६५ मध्ये लॉरेन्स क्रेमिन यांनी तिच्यावर आक्षेप घेतले. शाळा म्हणजेच शिक्षण असे मानल्याने कुटुंब, धर्मसंस्था आणि उद्योग यांचे कार्य दृष्टिआड होते, हा त्या आक्षेपांचा मथितार्थ होय.

मुंबईच्या शिक्षणाचा इतिहासही आपण याच चालीवर सांगत आलो आहोत. अमेरिकन मिशनने १८१५ मध्ये मुलांची व १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. १८४८ मध्ये स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिने मुलींच्या शाळा उघडल्या. ही माहिती खरी आहे, महत्त्वाचीही आहे. परंतु १८१५ पूर्वी या प्रांतात पंतोजींच्या शाळा होत्या आणि घरी शिकणारी मुलेही होती. रा. वि. परुळेकर यांनी १८२० ते १८३० या काळातील देशी शिक्षणाची कागदपत्रे १९४५ मध्ये प्रसिद्ध करून ही बाजू अभ्यासकांपुढे ठेवली. तेव्हा पहिली शाळा कोणती, हा प्रश्न वस्तुतः कोणत्या प्रकारच्या शाळेस आपण शाळा म्हणतो, या प्रश्नावर अवलंबून आहे.

याहून गंभीर उणीव अशी की, शाळा उघडणे आणि शाळेत शिरता येणे यांतील अंतर ही गणना दाखवीत नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश मिळाला नाही. मुंबई सरकारनेही त्याचा अर्ज फेटाळला. पुढे १८५८ मध्ये संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचे तत्त्व सांगितले. तथापि व्यवहार त्यामागून फार हळू आला. अमेरिकेत वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरण्यास १९५४ साल उजाडावे लागले, हे येथे आठवावे. सक्तीचा कायदा आधी आणि समान प्रवेश नंतर, हा क्रमच पुष्कळ सांगून जातो.

परळ-लालबागच्या गिरणगावात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. मॅसॅच्युसेट्सने १८३६ मध्येच कारखान्यात काम करणाऱ्या पंधरा वर्षांखालील मुलांना वर्षातून तीन महिने शाळेत जाण्याची अट घातली होती. आपल्याकडील १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले; शाळेची अट मात्र घातली नाही. विशेष म्हणजे पुढच्याच वर्षी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी मांडली. नऊ तास गिरणीत राबणाऱ्या मुलास गिरगावातील शाळेच्या स्थापनेचे वर्ष काय उपयोगाचे?

१९२२ मध्ये कामावर घेण्याचे किमान वय बारा झाले. १९२५ मध्ये मुंबई महापालिकेने एफ व जी वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर आदी भागांत, प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. या दोन वर्षांचा विचार एकत्र केल्याशिवाय गिरणगावाच्या शिक्षणाचा इतिहास लिहिता येणार नाही, असे आमचे मत आहे. पहिली तारीख कारखान्यांच्या इतिहासात आणि दुसरी शाळांच्या इतिहासात नोंदवून आपण ज्या मुलाचे बालपण या दोहोंत विभागले गेले होते, त्यालाच हरवून बसतो.

टप्पे टाकून द्यावेत, असा याचा अर्थ नव्हे. मैलाचा दगड अंतर सांगतो. वाटेवर कोण चालले व कोणास अडविले गेले, हे तो सांगत नाही. ते सांगणे हे अभ्यासकाचे काम आहे. त्यासाठी शाळांच्या हजेरीपटांबरोबर गिरण्यांचे मस्टरही उघडावे लागतील.