सूत्रधार कुत्रा

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वेद कुत्र्याच्या रूपात वावरतात, रेडा वेद म्हणतो, हे ज्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या सहज बोललं जातं, त्या भाषेत अतर्क्य विनोदाचं पीक जोमात असायला हवं होतं. आज ते तसं नाही.

कुत्र्यानं चालवलेला खेळ आपल्याला नवा नाही. खंडोबाच्या जागरणात अख्खी रात्र ज्याच्या हाती असते तो वाघ्या म्हणजे देवाचा कुत्राच. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात दिमडी, साथीला तुणतुणं आणि मुरळीची घाटी. गण झाला की तो देवांना आवतन देतो. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, पंढरीचा विठोबा, सगळ्यांना गावाच्या नावानिशी हाक मारून जागरणाला बोलावतो. मग आख्यान रंगतं. सारीपाटात हरलेला देव बानूच्या वाड्यावर म्हातारा चाकर होऊन मेंढरं राखतो. बानूला घरी आणल्यावर म्हाळसा त्याला धारेवर धरते. दोन बायकांच्या कचाट्यात सापडलेल्या देवाला बघून मांडवातली बायामाणसं मनापासून हसतात.

या परंपरेतला सगळ्यात विलक्षण प्रसंग कोटंब्याचा. नैवेद्य वाढलेला कोटंबा, म्हणजे वाघ्याचं भिक्षापात्र, जमिनीवर ठेवतात. वाघे हातापायांवर येतात, भुंकतात, एकमेकांवर गुरगुरत तोंडानंच त्यातलं खातात. बघणाऱ्याला हसू येतं आणि त्याच क्षणी हातही जोडले जातात. हसू आणि भक्ती यांचा इतका बेधडक मेळ घालणारं दृश्य मला आपल्या नव्या रंगभूमीवर क्वचितच दिसतं. याच परंपरेनं मुली देवाला वाहून त्यांची आयुष्यं नासवली, हेही तितकंच खरं. विठ्ठल रामजी शिंदे आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध दिलेला लढा न्याय्यच होता. कला राखायची ती त्या अन्यायाला पूर्ण नाकारून.

ज्यांनी लोककलेतली ही मोकळीक ओळखली, त्यांच्या हातून मोठं काम झालं. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (1974) मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणावर कीर्तन करतो. कीर्तनाचा घाट मोडून नव्हे, तो पुरता अंगी भिनवून हे नाटक उभं राहिलं, म्हणून ते परक्या ‘अ‍ॅब्सर्ड’ची नक्कल वाटत नाही. अरुण कोलटकरांनी ‘जेजुरी’त (1976) वाघ्याला बोलतं केलं. पुढे ‘काला घोडा पोएम्स’च्या (2004) पहिल्याच कवितेत तर निवेदनच एका भटक्या कुत्र्याकडे दिलं. पहाटेच्या सुनसान चौकात पहुडलेला हा कुत्रा आपलं कूळ एका बाजूनं बार्टल फ्रियरनं आणवलेल्या शिकारी कुत्र्यांशी आणि दुसऱ्या बाजूनं युधिष्ठिराच्या शेवटच्या सोबत्याशी जोडतो. शहराचा इतका ऐटदार सूत्रधार दुसरा नाही. मात्र ही दोन्ही पुस्तकं मूळ इंग्रजीत आहेत, याची मराठी वाचक म्हणून मला रुखरुख वाटते.

दूरचित्रवाणीवरच्या विनोदाचं काय? ‘चला हवा येऊ द्या’नं भारत गणेशपुरे यांच्या तोंडून वऱ्हाडी बोली घरोघरी पोचवली, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’नं कसलेले नट दिले. हे श्रेय मोठं आहे. पण तिथला विनोद बहुतेक वेळा ओळखीच्या घरात, ओळखीच्या भांडणात आणि शेवटच्या टाळीच्या वाक्यात अडकतो. नट साडी नेसतो, आवाज बदलतो. पण जगाचा नियम बदलत नाही. वाघ्या चार पायांवर आला की नियमच बदलतो. नटांची कुवत कमी नाही, लिहिणाऱ्यांनी धीर सोडला आहे.

म्हणून वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या हौशी मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी टीव्हीवरच्या प्रहसनाची आवृत्ती काढू नका. एखाद्या जागरण पार्टीला योग्य बिदागी देऊन बोलवा, रात्रभर बसून ऐका, आणि तुमच्या पुढच्या नाटकाची सूत्रं वऱ्हाडी बोलणाऱ्या एखाद्या कुत्र्याच्या हाती बिनधास्त सोपवा.