देवनागरी पृष्ठरचनेचे प्रमाण

समतोल, प्रमाण, विरोध आणि अवकाश ही पृष्ठरचनेची मूलतत्त्वे सर्व लिपींना समान होत. त्यांचे उपयोजन मात्र लिपीगणिक भिन्न असते. आपले मराठी प्रबंध नेमके हेच विसरतात. रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते, देवनागरी अक्षर शिरोरेषेखाली लोंबते. वेलांटी व रफार तिच्या वर, उकार अक्षराच्या तळाशी. खिळेजुळणीच्या ‘डिग्री’ पद्धतीत एका ओळीसाठी असे तीन थर जुळवावे लागत. त्यामुळे ओळीच्या उंचीचे भान जुळाऱ्यास आपसूकच राही. संगणकावर ते सुटते. इंग्रजीसाठी ठरलेले अंतर मराठीस लावले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीस भिडतो.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. साहजिकच महत्त्वदर्शनासाठी अधोरेखनाचा आश्रय घेतला जातो. पण ती रेघ उकारासच छेदते आणि ‘कुल’ हा शब्द ‘कल’ भासतो. स्वरचिन्ह हा अलंकार नव्हे. तो अर्थभेदक घटक होय. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून सुबक अक्षराचा आदर्श घालून दिला. अक्षराभोवतीच्या अवकाशाचा तितकाच काटेकोर विचार आता अभ्यासकांनी केला पाहिजे. कारण जे नीट वाचता येत नाही, त्याचे परीक्षणही नीट होत नाही.