चाकाच्या आतला निरोप

भरवेगात फिरणाऱ्या वस्तूच्या पोटात काय चालले आहे, हे बाहेरच्या माणसाला कसे कळावे? यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीला हा प्रश्न फार महागात पडला आहे. तिथल्या शेख इस्माईल या चोवीस वर्षांच्या वेल्डिंग कारागिराने मारुती ८०० चे इंजिन बसवून स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बांधले. गाव त्याला मुन्ना म्हणे. ऑगस्ट २०२१ मध्ये यंत्र जमिनीवरच ठेवून चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, मुख्य पंख्यावर आदळला आणि त्या आघातात मुन्ना गेला. फिरत्या पात्यात ताण कुठे साचतो आहे, हे कितीही कसबी माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

मोटारीचे चाक हा याच प्रश्नाचा रोजचा अवतार. त्याला मिळालेले उत्तर मात्र इतके देखणे आहे की ते सावकाश, अक्षर न् अक्षर लावून वाचावे. टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, गॅरेजच्या बोलीत टीपीएमएस. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा सगळ्यांना ठाऊक असतो. तो दिवा लावणारा निरोप कुठून निघतो आणि गाडी त्यावर विश्वास कसा ठेवते, ते फारसे कोणी पाहत नाही.

व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमला चिकटून, तीसेक ग्रॅमची एक डबी, म्हणजे सेन्सर, असते. चाक फिरते, म्हणून तिला तार जोडता येत नाही. बॅटरी आत कायमची बंद केलेली, साधारण पाच ते दहा वर्षे पुरणारी. ती संपली की डबीच बदलायची. आत सिलिकॉनचा एक अतिपातळ पडदा, तापमापक, वेग बदलला की ओळखणारा एक भाग आणि चिमुकला रेडिओ. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असताना केंद्रोत्सारी बलामुळे ही तीस ग्रॅमची डबी साडेचार किलोच्या आसपास जोराने बाहेर ओढली जाते. एवढ्या ओढाताणीत तो पडदा हवेच्या दाबाने किंचित वाकतो, त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलातून दाब मोजला जातो.

या डबीचा पहिला गुण मितभाषीपणा. गाडी उभी असली की डबी झोपते. चाक फिरू लागले की त्याच केंद्रोत्सारी बलाने जागी होते आणि मिनिटाभरात एखाददुसऱ्या वेळी बोलते. हवा एकदम उतरू लागली तर मात्र पाळीची वाट पाहत नाही, लगेच बोलत सुटते. टायर सोडवून बॅटरी बदलणे परवडणार नाही, म्हणून प्रत्येक निरोप मोजून-मापून पाठवायचा, या एका बंधनातून तिची सगळी शैली घडली आहे.

आता निरोपच वाचू. आपल्याकडच्या गाड्यांत तो सहसा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जातो. कंपनीगणिक मांडणी बदलते. एका प्रचलित मांडणीत आधी डबीचा स्वतःचा क्रमांक, मग दाब, मग तापमान आणि शेवटी पडताळणीचा आकडा येतो. दाबाच्या जागी समजा ९१ आले. एक घर म्हणजे अडीच किलोपास्कल. ९१ गुणिले अडीच, २२७.५ किलोपास्कल, म्हणजे आपल्या पंक्चरवाल्याच्या भाषेत 'तेहतीसची हवा'. तापमानाच्या जागी ११० आले तर त्यातून ५० वजा करायचे: ६० अंश सेल्सिअस, मे महिन्याच्या दुपारी डांबरावर धावलेल्या टायरचे. हे ५० कशासाठी? थंड प्रदेशात तापमान शून्याखाली गेले तरी उणे चिन्हाचा खर्च पडू नये म्हणून. सगळी मोजणी उणे ५० पासूनच सुरू केली की चिन्ह लागतच नाही. वैदर्भी उन्हाळ्यात जिचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, त्या थंडीचीही सोय या एका बाइटमध्ये करून ठेवलेली आहे. मला या निरोपातले हे सर्वांत सुंदर स्थळ वाटते. शेवटचा पडताळणीचा आकडा आधीच्या सगळ्या आकड्यांतून काढलेला असतो. वाटेत एखादे अक्षर बिघडले तर हिशेब जुळत नाही आणि गाडी तो निरोप टाकून देते.

दाबाशेजारी तापमान ठेवण्याला अर्थ आहे. सकाळी २५ अंशांवर ३३ भरलेली हवा टायर ६० अंशांवर गेला की ३८ च्या पुढे जाते. नायट्रोजन भरला तरी तेच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दुपारी ३८ पाहून घाबरून ज्याने हवा ३३ पर्यंत सोडली, त्याच्या टायरमध्ये टायर थंड झाल्यावर २८ च उरतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटण्याच्या दिशेने जातो. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. डबी दोन्ही गोष्टी शेजारी मांडून देते, अर्थ लावणे आपल्याकडे.

आता खरा विषय, क्रमांकाचा. महामार्गावर बाजूच्या गाडीतली डबीही त्याच लहरींवर बोलत असते. आपल्या गाडीने तिचे ऐकले तर भलत्याच टायरची बातमी आपल्या डॅशबोर्डवर येईल. म्हणून गाडी आपल्या चार क्रमांकांशिवाय कोणाचेही ऐकत नाही. नवी डबी बसवली की ती कितीही खरे बोलो, गाडीच्या लेखी परकीच. तिची ओळख करून देणे म्हणजेच रिप्रोग्रामिंग.

काही गाड्या थोडे अंतर चालवले की स्वतःच ओळख करून घेतात. काहींना डायग्नोस्टिक पोर्टमधून क्रमांक लिहून द्यावे लागतात. आणि काहींत एक छोटा विधी असतो, माझ्या विशेष आवडीचा. गाडी शिकण्याच्या अवस्थेत घालायची. डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात. हातातले यंत्र व्हॉल्व्हजवळ धरले की ते १२५ किलोहर्ट्झची हाक मारते. झोपलेली डबी जागी होऊन क्रमांक सांगते, गाडी तो टिपून घेते आणि हॉर्न वाजवते. मग उजवे पुढचे, उजवे मागचे, डावे मागचे. घराभोवती प्रदक्षिणा घालावी तशी ही फेरी, प्रत्येक कोपऱ्यावर एक होकार. ज्या माणसाने पोचपावती म्हणून नव्या दिव्याऐवजी गाडीचा आहे तोच हॉर्न वापरायचे ठरवले, त्याला गॅरेजमधल्या माणसाची मान कुठे वळलेली असते हे नीट कळले होते.

दुसरी वाट नकलेची. कोऱ्या सेन्सरमध्ये जुन्याचाच क्रमांक लिहायचा. गाडीला काही बदलल्याचे कळतही नाही. काम झटपट होते, पण मला ही वाट दुय्यम वाटते. जुनी डबी जिवंत राहून दुसऱ्या चाकात गेली तर एकाच नावाने दोघी बोलू लागतात. आणि मुळात जुना क्रमांक वाचता आला पाहिजे. बॅटरी मेलेली असेल तर तो टायर सोडवून डबीवर छापलेला शोधावा लागतो.

या कलेचे शिखर मात्र काही नव्या गाड्यांत आहे. चाक फिरताना डबीला केंद्रोत्सारी बलासोबत स्वतःचे वजनही जाणवते: खाली असताना ते बलात मिळते, वर गेल्यावर उलट ओढते. म्हणजे आपण वर आहोत की खाली, हे तिला प्रत्येक फेऱ्यात कळते. ती ठरवून एकाच कोनात बोलते. तिकडे एबीएसची दातेरी कडी चारही चाकांचे फेरे मोजत असते. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, त्यामुळे चार चाकांची मोजणी हळूहळू एकमेकींपासून सुटते. काही अंतरानंतर प्रत्येक डबीच्या बोलण्याची वेळ फक्त एकाच चाकाच्या दात्यांशी जुळत राहते. तेच तिचे चाक. कोणी काही न सांगता, निव्वळ गुरुत्वाकर्षण आणि रस्त्याची वळणे यांच्या आधारे गाडी ठरवते की कोण कुठे आहे. इथे मी मनापासून दाद देतो.

ज्यांत डबीच नसते, फक्त एबीएसच्या मोजणीवरून कमी हवेचे चाक ओळखले जाते, अशा प्रणालीही आहेत. टाटाच्या गाड्यांतली आयटीपीएमएस त्या जातीची. स्वस्त आणि टिकाऊ, पण हवा भरून रीसेट करावीच लागते. कमी हवेवर रीसेट केले तर ती कमी हवाच योग्य मानते.

टायरच्या दाबावर लक्ष ठेवण्याची सोय १९८६ च्या पोर्श ९५९ मध्ये प्रथम आली. फायरस्टोन टायरांच्या अपघातांनंतर अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून हलक्या गाड्यांना ती सक्तीची झाली. भारतात सक्ती नाही. २०२० च्या केंद्रीय नियमांनी मात्र साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल असे ठरवले. गावाकडच्या रस्त्यावर याचा अर्थ गंभीर आहे: स्टेपनीची जागा या निरोपाने घेतली.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरे होत नाही. निरोप गुप्त नसतो. रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१० मध्ये तो ४० मीटरवरून वाचून दाखवला. क्रमांक बदलत नाही, म्हणून गाडीचा मागही काढता येतो. इतक्या काटकसरी लेखनात एवढी एक जागा खरोखर उघडी राहिली आहे.

फुलसावंगी, महागाव, उमरखेड, कुठेही टायर बदलायला गाडी नेलीत तर दुकानदार दादांना आधी सांगा की व्हॉल्व्हमागे सेन्सर आहे. टायर रिमवरून सोडवताना हत्याराचा पहिला दाब तिथे पडू नये. पंक्चर थांबवणारे कोणतेही द्रव सेन्सरला चालते का, ते विचारल्याशिवाय आत सोडू देऊ नका. आणि बॅटऱ्या जिवंत आहेत तोवर चारही सेन्सरचे क्रमांक यंत्राने वाचून घ्या, चाकांच्या जागांसह कागदावर लिहा आणि तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा.