नाव नसलेला कथाकार

ज्या घरांतून एके काळी ‘चांदोबा’ येत असे, तेथील मुले एका मोठ्या लेखकाची निष्ठावंत वाचक होती; त्याचे नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ते नाव दासरी सुब्रह्मण्यम्.

नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली मद्रासहून ‘चंदमामा’ हे तेलुगू मासिक काढले. आपला ‘चांदोबा’ ही त्याचीच मराठी आवृत्ती. ती १९५२ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी दासरी ‘चंदमामा’च्या संपादकवर्गात दाखल झाले आणि पन्नासहून अधिक वर्षे तेथेच राहिले. ‘तोकचुक्क’ म्हणजे धूमकेतू, ‘कंचुकोट’ म्हणजे काशाचा किल्ला, ‘राकासि लोय’ म्हणजे राक्षसांची दरी, या त्यांच्या क्रमशः कादंबऱ्या. चित्रे ‘चित्रा’ यांची. लेखकाचे नाव मात्र छापले जात नसे.

दासरींचे खरे सामर्थ्य कशात आहे? मांत्रिक आणि राक्षस आपल्या आजीबाईंच्या गोष्टींतही आहेत. परंतु आजीची गोष्ट झोप आणते. दासरींचे प्रकरण झोप उडविते. नेमक्या संकटापाशी ते थांबतात आणि बालवाचकाला महिनाभर स्वतःच सुटकेची वाट शोधावयास लावतात. शिवाय त्यांचा नायक बहुधा एकटा नसतो. खड्गवर्म्याजवळ तलवार, तर जीवदत्ताजवळ मंत्रविद्या. एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही. मैत्रीचा हा धडा उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता दिलेला आहे, आणि बालवाङ्मयात मला याचेच मोल अधिक वाटते.

उणिवाही आहेत. साहसाचा मान बहुतेक मुलग्यांकडेच जातो, आणि सलग वाचताना संकटांची पुनरावृत्ती जाणवते.

पण नाव न छापण्याची रीत मला पटत नाही. मासिकाला त्यामुळे एकजीवपणा लाभला असेल. तथापि ज्याचे नाव नाही त्याची समीक्षा कोण करणार? त्याचे गुण मासिकाच्या खाती जमा होतात आणि दोष कोणी दाखवीतच नाही. दासरी २०१० मध्ये निवर्तले. त्यानंतर त्यांच्या कादंबऱ्या तेलुगूत त्यांच्या नावानिशी पुस्तकरूपाने आल्या. मुलांसाठी लिहिणाऱ्याला वाङ्मयाच्या पंक्तीत पाट मांडावयाचा, तर त्याला आधी नावाने हाक मारली पाहिजे. घरातल्या मुलांना गोष्ट वाचून दाखविताना लेखकाचे नावही अवश्य वाचावे.