मोजलेले पान, वाचलेले पान

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण लेखिका आपली कादंबरी घेऊन माझ्याकडे आली. घेऊन आली ती वहीत नव्हे, भ्रमणध्वनीवर. एका वाचन-ॲपवर ती गेली दोन वर्षे क्रमशः लिहीत आहे. मला वाटले, शुद्धलेखन तपासून हवे असेल, किंवा ‘कसे वाटले?’ असा नवलेखकाचा नेहमीचा प्रश्न असेल. तिचा प्रश्न निराळाच होता. “फादर, अठराव्या भागात वाचक गळतात. तो भाग काढून टाकू का?”

तिच्याजवळ आकड्यांचा तक्ता होता. कोणता भाग किती जणांनी उघडला आणि किती जणांनी शेवटपर्यंत वाचला, हे सारे त्यात नोंदलेले होते. सतराव्या भागापर्यंत चढत गेलेली रेषा अठराव्यात कोसळली होती. मी तो भाग वाचला. नायिकेची आजी पावसाळ्यातल्या दुपारी एकटीच ट्रंक उघडते, दिवंगत नवऱ्याचे कपडे बाहेर काढते, पुन्हा घड्या घालून ठेवते. एवढेच. माझ्या मते संपूर्ण कादंबरीत त्या भागाच्या तोडीचे दुसरे काही नाही. परंतु तिला मिळणारा मोबदला वाचकांच्या सहभागाशी बांधलेला असल्यामुळे नेमका तोच भाग तोट्याचा ठरत होता.

समीक्षकाने साहित्यकृतीकडे पाहावे, लेखकाच्या खिशाकडे पाहू नये, असा एक संकेत आपल्याकडे आहे. तो येथे थोडा मोडणे मला आवश्यक वाटते. कारण मोबदला कशाचा मोजला जातो, यावरून कलाकृतीचा घाट ठरू लागला, तर ते मोजमापही समीक्षेचाच विषय होते.

मोजून पैसे देण्याची रीत आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील वृत्तपत्रांत कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध होत आणि लेखकाला ओळींच्या हिशेबाने पैसे मिळत. अलेक्झांडर द्यूमाने आपल्या ‘थ्री मस्केटियर्स’मध्ये ग्रिमो नावाचा मितभाषी नोकर आणला तो एका शब्दाची पूर्ण ओळ मिळावी म्हणून, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा खरा असो वा रचलेला, तो दीडशे वर्षे टिकला, याचा अर्थ मोजमापाचा ठसा संवादावर उमटतो हे वाचकांनाही कळत होते.

वाचकांच्या प्रतिसादाने साहित्याचे नेहमी नुकसानच झाले, असेही म्हणता येणार नाही. डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ 1836 मध्ये मासिक हप्त्यांनी निघू लागले, तेव्हा पहिला हप्ता सुमारे हजार प्रतींचा होता. चौथ्या हप्त्यात सॅम वेलर अवतरला, वाचकांनी त्याला उचलून धरले आणि शेवटास प्रती चाळीस हजारांच्या घरात गेल्या. लेखकाने वाचकांचा कौल ओळखला आणि त्यातून इंग्रजी साहित्याला एक अमर पात्र मिळाले. आपल्याकडे हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातून क्रमशः दिली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक तेथेही होता. मात्र त्या वाचकाने अंक एकदा घेतला की हिशेब संपत असे. त्याने कोणत्या परिच्छेदापाशी जांभई दिली, याची नोंद कोणाच्याही वहीत होत नव्हती. आजच्या व्यवस्थेत पडलेला मुख्य फरक हाच आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो.

या व्यवस्थेची तीन रूपे पाहू.

पहिले रूप ॲमेझॉनच्या ‘किंडल अनलिमिटेड’चे. 2014 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही योजना पुढच्याच वर्षी भारतातही आली. वाचकाने महिन्याची वर्गणी भरायची आणि योजनेतील हवी ती पुस्तके वाचायची. आरंभी वाचकाने पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला की लेखकाचा वाटा ठरत असे. साहजिकच वीस पानांची पुस्तिका आणि पाचशे पानांची कादंबरी यांना सारखेच पैसे मिळू लागले आणि पुस्तिकांचे पीक आले. म्हणून 1 जुलै 2015 पासून वाचलेल्या पानांवर मोबदला सुरू झाला. अक्षरांचा आकार फुगवून पाने वाढवता येऊ नयेत, यासाठी पानाचे एक समान माप ठरवण्यात आले. दरमहा एक निधी जाहीर होतो आणि जगभर वाचल्या गेलेल्या एकूण पानांत तो विभागला जातो. पानाचा दर सामान्यतः अर्ध्या अमेरिकन सेंटच्या आसपास, बहुधा त्याहून कमीच असतो. दोनशे पानांचे पुस्तक वाचकाने अथपासून इतिपर्यंत वाचले, तरी लेखकाच्या हाती एखादा डॉलर पडणे कठीण.

सुधारणा न्याय्य होती, हे मान्य केले पाहिजे. पण नवे माप येताच नवी चलाखी आली. पुस्तकाच्या आरंभीच एखादी आकर्षक कळ ठेवायची, वाचकाने ती दाबली की त्याला थेट शेवटच्या पानावर न्यायचे आणि मधली सारी पाने ‘वाचली’ म्हणून पदरात पाडून घ्यायची, असे प्रकार 2016 च्या सुमारास उघडकीस आले. एकाच पुस्तकात जुनी चार पुस्तके कोंबून ते फुगवण्याचेही प्रकार झाले. अखेर एका वाचकामागे एका पुस्तकाची तीन हजारच पाने धरली जातील, अशी मर्यादा घालावी लागली. यंत्राकडून लिहवून घेतलेल्या पुस्तकांचा लोंढा आला, तेव्हा 2023 मध्ये आणखी एक मर्यादा आली: एका व्यक्तीने दिवसाला तीनहून अधिक नवी पुस्तके प्रसिद्ध करू नयेत. दिवसाला तीन! ज्या व्यवस्थेला असा नियम करावा लागतो, तिच्यात ‘पुस्तक’ या शब्दाचा अर्थ काय उरला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या हिशेबातील एक बारकावा माझ्या मनात घर करून राहिला आहे. वाचकाने पान प्रथम वाचले, तेव्हाच ते मोजले जाते. तेच पान त्याने दुसऱ्यांदा, दहाव्यांदा वाचले, तर लेखकाला काही मिळत नाही. व्यापाराच्या दृष्टीने नियम योग्यच आहे, नाहीतर पाने उलटण्याचेही कारखाने निघाले असते. परंतु आपण साहित्याची पारख कशी करतो? जे पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते, त्यालाच आपण साहित्य म्हणतो ना? त्या पुनर्वाचनाची किंमत या मापात शून्य आहे.

दुसरे रूप ‘मीडियम’चे. ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या इव्हान विल्यम्स यांनी 2012 मध्ये हे व्यासपीठ स्थापन केले. 2017 मध्ये महिना पाच डॉलर वर्गणी ठेवून लेखकांना मोबदला देणे सुरू झाले. तेथे वाचक टाळ्या वाजवतो. एका लेखाला एकटा वाचक पन्नासपर्यंत टाळ्या देऊ शकतो. प्रथम मोबदल्याची वाटणी या टाळ्यांवर ठरे. 2019 मध्ये ती वाचकांनी लेखावर घालवलेल्या वेळावर आली. 2023 मध्ये पुन्हा बदल झाला. किमान तीस सेकंदांचे वाचन, टाळ्या, अधोरेखन, अभिप्राय आणि लेखकाचे नित्य वाचक अशा अनेक गोष्टींचा मेळ घातला गेला. त्याच वर्षी माणसांनी निवडलेल्या लेखांना अधिक वाचकांपर्यंत पोहोचवण्याची सोय झाली. सहा वर्षांत तीन मापे बदलल्यावर ज्याची आठवण झाली, तो शेवटी संपादकच होता.

येथे मला तीस सेकंदांचा मुद्दा थोडा उलगडून सांगायचा आहे. चांगला अभंग वाचायला किती वेळ लागतो? ओवीला किती? चार ओळींची कविता वीस सेकंदांत वाचून होते आणि मग वीस वर्षे मनात राहते. वेळ हेच माप धरले, तर मराठीतील सर्वांत सघन वाङ्मयप्रकार सर्वांत निरुपयोगी ठरतात आणि पसरट लेखाचे मोल वाढते. दुसरे असे की, वाचताना माणूस कधीकधी पुस्तक मिटतो आणि खिडकीबाहेर पाहत बसतो. एखाद्या वाक्याने त्याला थांबवलेले असते. वाचनाचा हा उत्कट क्षण. मापयंत्राच्या लेखी मात्र त्या क्षणी वाचक निघून गेलेला असतो. आजीच्या ट्रंकेपाशी थांबलेले वाचक कंटाळून गळले की गलबलून थांबले, हे त्या तक्त्यातील रेषा सांगू शकत नाही.

तिसरे रूप आपल्या अधिक जवळचे. 2014 मध्ये बंगळुरूत सुरू झालेले ‘प्रतिलिपी’ हे व्यासपीठ आज मराठीसह बारा भारतीय भाषांत चालते. तेथे वाचक नाणी विकत घेऊन आवडत्या लेखकाला भेट देऊ शकतो, वर्गणी भरून त्याचा खास वाचक होऊ शकतो आणि मालिकेचा पुढला भाग नाणी मोजून लगेच उघडू शकतो. या रचनेत सर्वांत महागडी जागा कोणती? भागाचा शेवट. वाचकाला उद्यापर्यंत थांबवत नाही, असा शेवट करता आला की लेखकाचे कसब फळाला आले. मग प्रत्येक भागाच्या अखेरीस दार ठोठावले जाते, पत्र हाती पडते, कुणी घेरी येऊन पडते. या धाटणीच्या कथा मी बऱ्याच वाचल्या. त्यांतील काही लेखिकांना संवादाचे उत्तम अंग आहे. उणीव आहे ती विसाव्याची. कथेला श्वास घ्यायला जागा नाही, कारण जेथे श्वास घ्यावा तेथे वाचक उठून जाईल, ही धास्ती प्रत्येक परिच्छेदात जाणवते.

इतके लिहून थांबलो असतो, तर हा लेख सोपा झाला असता आणि अप्रामाणिकही. कारण त्या मुलीला मी हेच सारे सांगितले आणि “अठरावा भाग ठेव, बाळ,” असे म्हणालो, तेव्हा तिने शांतपणे विचारले, “ठेवते, फादर. पण आपल्या त्रैमासिकात तो दिला, तर मला त्याचे काय मिळेल?”

मी निरुत्तर झालो. अंकाची एक प्रत आणि आभाराचे पत्र, एवढेच आपण देतो. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी नियतकालिकांनी लेखकांच्या पिढ्या घडवल्या, हे खरे. परंतु त्या नियतकालिकांतील लहान-मोठ्या अनेकांनी मानधनाच्या बाबतीत हात आखडता घेतला, हेही तितकेच खरे. ‘साहित्य ही साधना आहे’ हे वाक्य बहुधा पैसे द्यायची वेळ आली की आठवते. शिवाय आपल्याकडे संपादकाच्या पसंतीची चाळणी होती. घरकाम आटोपून रात्री लिहिणाऱ्या, कोणाची ओळख नसलेल्या, बोलीत लिहायला संकोचणाऱ्या किती स्त्रिया त्या चाळणीत अडकल्या, याचा तक्ता कोणी ठेवलेला नाही. त्यांना या नव्या व्यासपीठांनी विनापरवाना वाचक दिला. त्या मुलीच्या खात्यात महिन्याला जमा होणारी रक्कम फार नाही. पण “घरात विजेचे बिल मी भरते,” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही.

म्हणून माझा आक्षेप लेखकाला पैसे मिळण्यावर नाही. मोजून मिळण्यावरही नाही. मजूर, सुतार, शिक्षक साऱ्यांचेच वेतन कुठल्या ना कुठल्या मापाने ठरते. आक्षेप एवढाच की, वेतनाचे माप गुणवत्तेचे माप म्हणून मिरवू लागले आहे. वाचलेली पाने, घालवलेला वेळ, मिळालेल्या टाळ्या यांवरून लेखिकेला किती रुपये द्यायचे ते ठरो. कोणते प्रकरण चांगले, हे त्यावरून ठरू नये. धोका व्यासपीठाच्या नियमात आहे तितकाच लेखकाच्या मनातही आहे. रोज सकाळी तक्ता पाहणारा लेखक हळूहळू आपल्या कानाने वाक्य ऐकण्याचे विसरतो. शिवाय ज्या मापावर तो विसंबतो, ते माप उद्या बदलणार असते, आणि बदलताना कोणी त्याला विचारत नाही. निधी ठरावीक असल्याने त्याच्या चार पानांचा लाभ हा दुसऱ्या कुणाचा तरी तोटाच असतो, आणि दर किती पडला हे त्याला महिना उलटल्यावर कळते. शेतमाल बाजारात नेणाऱ्या आपल्या वाचकांना ही स्थिती वेगळी समजावून सांगायला नको.

मग करावे काय? लेखकाने तक्ता पाहावा, पण लिहून झाल्यावर, आणि लेखन तपासायला दोन विश्वासू वाचक निराळे ठेवावेत. वाचकाने आवडलेल्या लेखनाविषयी चार ओळी लिहून कळवाव्यात. पन्नास टाळ्यांपेक्षा त्या चार ओळींतून लेखकाला अधिक कळते. समीक्षकांनी या व्यासपीठांवरील लेखनाकडे नाक मुरडून पाहणे सोडावे आणि ते रीतसर वाचावे. वाङ्मयीन कसोटीवर त्याची परीक्षा कोणी केलीच नाही, तर आकडा हाच एकमेव परीक्षक उरेल आणि तो दोष आपला असेल.

आणि आपण, म्हणजे या त्रैमासिकाचे संपादक मंडळ व वर्गणीदार? मी मंडळासमोर एक सूचना ठेवली आहे. वर्गणीत थोडी वाढ करावी आणि ती सारी रक्कम मानधनासाठी राखून ठेवावी. कवितेला आणि दीर्घ कथेला सारखेच मानधन द्यावे, ओळी मोजू नयेत. रक्कम लहान असेल, तरी ती ठरलेली आणि आधी सांगितलेली असावी. सूचना मान्य झाली, तर पहिले पाकीट अठराव्या भागासाठी जावे, अशी माझी इच्छा आहे. तो भाग मी त्या मुलीकडून मागून ठेवला आहे.